येतंय म्हणालो होतो

देवगडच्या बंदरात आम्ही नांगर टाकला तेव्हा माझं घर तिथून तीन किलोमीटरवर होतं. जामसंड्यात. धक्क्यावर उतरून रिक्षा केली असती तर दहा मिनिटांत ओटीवर असतो, आणि पाच महिन्यांच्या खाऱ्या पाण्यानंतर आमच्या विहिरीच्या पाण्यानं डोकं धुतलं असतं. मी गेलो नाही. तीन रात्री बोट तिथं उभी होती आणि मी गेलो नाही. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. ज्यांना कळलं त्यांनाही माझ्या तोंडून कळलं नाही.

बोट शिडाची होती, मुंबईच्या एका निवृत्त डॉक्टरांची. ते आणि त्यांचे एक मित्र, दोघंही साठी उलटलेले, दिवाळी करून निघाले ते मालदीव, तिथून सेशेल्स, आणि परत. तिसरा मी. मी बोटीवर कोण होतो हे सांगताना अजून जीभ अडखळते, पण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय, तेव्हा सांगून मोकळा होतो. मी स्वयंपाकी होतो. भात, आमटी, मासे, दिवसाला सहा वेळा चहा, भांडी, आणि डेकवर साचलेलं मीठ धुऊन काढणं. पाच महिन्यांत सुकाणू माझ्या हातात आलं ते फक्त डॉक्टर लघवीला जात तेवढा वेळ.

आणि घरी मी सांगितलं होतं की मी तांडेल आहे.

तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्याच्या शब्दावर शीड चढतं आणि त्याच्या शब्दावर उतरतं. माझे वडील खरे तांडेल. तरुणपणी त्यांनी मंगळुरी कौलांनी भरलेली गलबतं नुसत्या शिडावर मुंबईला नेली. पुढं इंजिनं आली, रस्ते झाले, गलबत खाडीत पडून कुजलं, आणि बाबा दुसऱ्याच्या कलमांच्या बागेत राखणीला लागले. पण चाल तीच राहिली, एक हात पाठीवर, पाय फाकवून, जणू ओटीसुद्धा आता हलणार आहे.

मी शाळेत असताना बाबा मला एकदा मासेमारीच्या होडीवर घेऊन गेले होते. बंदराबाहेर पडलो नि मी आतडी बाहेर येईपर्यंत ओकलो. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्येका चुलीकडे बसवा. ह्यो दर्याचो न्हय." सगळे खो खो हसले. ते हसणं मी तीस वर्षं कानात घेऊन फिरलो. गंमत बघा, मी खरोखरच चुलीकडे बसलो, मुंबईच्या हॉटेलांत, आणि हात चांगला बसला. पुढं डॉक्टरांना समुद्रावर न ओकणारा स्वयंपाकी हवा होता. ओकणं तोवर कधीच थांबलं होतं, कसं ते देवाला ठाऊक.

निघायच्या आधी बाबांनी फोनवर विचारलं, "तांडेल कोण तुमचो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच." मग ते म्हणाले, "शाबास रे." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बापाकडून पहिली शाबासकी मिळाली, ती परत कशी करणार? दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीला ठाऊक झालं. लगेच त्यांनी हट्ट धरला: "येताना देवगडात नांगर टाक. माका एकदा शिडार घे. मरच्या आधी शीड भरताना आयकाचा आसा." मी म्हटलं, घेतंय की. बिनधास्त म्हटलं. कारण डॉक्टरांचा बेत गोव्याहून थेट मुंबई गाठायचा होता, देवगडचं नावही त्यात नव्हतं.

झालं काय, गोवा सोडल्यावर वायव्येचा वारा असा तोंडावर आला की दोन दिवस आम्ही नुसते आपटत होतो. मालवण मागं पडता पडेना. डॉक्टरांची कंबर धरली, मित्र पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवस कुठंतरी टेकू या. इथं चांगलं बंदर कुठलं?" मला मेल्याला गप्प राहता आलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा बोटीवर कुणी माझं मत विचारत होतं. मी ऐटीत म्हणालो, "देवगड. असं बंदर या किनाऱ्यावर नाही." शिरा पडो माझ्या तोंडावर.

आत शिरलो आणि पाणी एकदम थाळीसारखं झालं. पाच महिने कप धरून ठेवायची सवय लागलेली, तो कप टेबलावर ठेवला नि तो तिथंच राहिला. धक्क्यावर ट्रॉलरांमधून बर्फाच्या लाद्या फुटल्याचा आवाज येत होता, बायका मासळीच्या टोपल्यांपाशी भांडत होत्या, आणि ते भांडण माझ्या भाषेतलं होतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

"अरे, तुझं गाव इकडंच ना कुठंतरी?" डॉक्टर म्हणाले. "जाऊन ये की दोन दिवस. आम्ही खाऊ ब्रेड-अंडी."

"गाव आत आहे, डॉक्टर. तळेऱ्याच्याही पलीकडे. आणि घरी आता कोण नसतं."

घरी कोण नसतं! घरी म्हातारा बाप होता, थोरल्या भावाची बायको होती, आणि आंब्याचा हंगाम म्हणून भाऊ पहाटेपासून पेट्या भरत बागेत होता. पण मी घरी गेलो तर बाबा माझ्याबरोबर बंदरावर येणार, हे ठरलेलं. बोटीवर चढले की पहिला प्रश्न शिडाचा, दुसरा सुकाणूचा, आणि तेवढ्यात डॉक्टर आतून हाक मारणार, "अरे, चहा टाक रे." झालं मग तांडेलपण.

त्या संध्याकाळी मी बोटीवरूनच फोन लावला. लावला नसता तर संशय आला असता. चोराच्या मनात चांदणं.

"खंय पोचलंत?"

"गोंयाकच आसंव अजून."

"वारो?"

"वायव्येचो. तोंडार."

"मगे देवगडात येवा. ह्या वाऱ्याक देवगड बरां."

"बघूया, बाबा."

"बघूया काय? तू तांडेल मां? नांगर टाक म्हण."

त्यांच्या खिडकीतून सरळ रेघ ओढली तर मी तीन किलोमीटरवर बसून त्यांच्याशी गोव्यातून बोलत होतो. "व्हय, व्हय," म्हटलं. "बरां तर, येतंय." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे निघताना 'जातंय' म्हणत नाहीत. जातंय म्हणणारा परत येत नाही, म्हणून गिरणीवर जायचं असो की आखाताला, माणूस म्हणतो 'येतंय'. फोन ठेवतानाही तोंडातून तोच शब्द पडतो. बाबा स्वतः तीन-तीन महिने गलबतावर जात तेव्हा उंबऱ्यात एवढंच म्हणत. तेव्हा मी 'येतंय' म्हणालो ते फोन ठेवायला. त्यांनी ऐकलं ते 'येतंय'.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या बाजूला पातेली घासत होतो. सहज धक्क्याकडे बघितलं. जाळ्यांच्या ढिगाजवळ एक म्हातारा उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. दुसरा हात पाठीवर, पाय फाकलेले. पातेलं माझ्या हातातून सुटलं, दोरीला बांधलेलं होतं म्हणून वाचलं. मी वाकूनच आत सरकलो, चोरासारखा, आणि स्वयंपाकघराच्या टीचभर खिडकीतून बघत राहिलो. ते नुसते उभे होते. हाक नाही, हात नाही. मधेच नजर डोलकाठीवर वर-वर जायची आणि सावकाश खाली यायची.

डॉक्टर वरून म्हणाले, "अरे, तो म्हातारा बघितलास का? तासभर झाला, आपल्याकडेच बघतोय. बोलावू या का वर? ओळखीचा आहे का तुझ्या?"

मी कांदा चिरत होतो. म्हणालो, "नाही हो. असेल कोणतरी. बंदरावर रिकामटेकडे म्हातारे खूप."

ही वाक्यं मी बोललो. माझ्याच तोंडानं, माझ्या बापाबद्दल, कांदा चिरता चिरता. डोळ्यांत पाणी आलं तर कांद्याच्या नावावर खपून गेलं. ऊन चढलं तसे बाबा ढिगावर बसले, पिशवी मांडीवर ठेवली, आणि बाराच्या सुमाराला उठून गेले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तोच शर्ट, तीच पिशवी. त्या दिवशी डॉक्टरांना गोडं पाणी भरून आणायचं होतं. ते माझं काम. मी पोट दुखतंय म्हणालो. ते बिचारे, "पडून राहा, मी जातो," म्हणत कॅन घेऊन छोट्या होडीतून स्वतः गेले. मी खिडकीतून बघितलं: होडी धक्क्याला लागली, बाबा पुढं झाले, दोर पकडला, बांधला. दोघं बोलायला लागले.

अर्ध्या तासानं डॉक्टर परत आले ते हसतच.

"अरे, भारी म्हातारा आहे! माझ्या हातातून दोर काढून घेतला आणि काय गाठ मारली, मला सोडवता येईना. म्हटलं, चला आजोबा, बोट दाखवतो. तर नको म्हणाला. तांडेलानं बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या बोटीवर चढू नये म्हणे. तांडेल म्हणजे?"

"कॅप्टन," मी म्हणालो.

"हां, तेच मी ओळखलं. मग म्हटलं, अहो, कॅप्टन मीच आहे, मीच बोलावतोय तुम्हाला."

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. बघत राहिला माझ्याकडे. मग हसला. विचारलं, तुमचं जेवण कोण करतं? मी म्हटलं, आहे आमचा एक, फर्स्ट क्लास हात आहे, त्याच्यामुळे तर आम्ही जिवंत परत आलो. बरं, बरं, म्हणाला." डॉक्टरांनी पाण्याच्या कॅनमागून नारळ काढला, सोललेला, शेंडी ठेवलेला. "आणि हा दिला. तुमच्या जेवण करणाऱ्याला द्या म्हणाला."

मला तो नारळ ओळखीचा होता. म्हणजे आमच्या परसातला होता असं नाही, पण बाबांचा नेम होता: परतीच्या वाटेवर शेवटच्या बंदरात गलबताच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा. लहानपणी शंभरदा ऐकलेलं. हा त्यासाठीच आणला होता, दोन दिवस पिशवीतून. आणि आता तो मला रांधायला दिला.

म्हणजे त्यांना कळलं होतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. दुसरा कुणी शहाणा असता तर त्याच क्षणी होडी घेऊन सुटला असता, धक्क्यावर जाऊन पायांवर पडला असता. बाबा अजून ढिगावर बसलेले होते. मी बघितलं. मी नाही गेलो. आधी खोटं उघडं पडेल म्हणून जात नव्हतो, आता ते पडलं म्हणून जाववेना. नारळ फोडला, खवला, बांगड्याचं सार केलं. डॉक्टर आणि त्यांचे मित्र बोटं चाटत जेवले. मीही जेवलो. चव चांगली होती, आणि चांगली लागली, याची मला आजही शरम वाटते.

चौथ्या दिवशी पहाटे मतलई सुटली, जमिनीवरून येणारा वारा. डॉक्टरांनी नांगर उचलायला सांगितला. शीड चढलं, फडफडलं आणि भरलं. तो आवाज बाबांना ऐकायचा होता. दीपगृहाखालून आम्ही बाहेर पडलो तेव्हा डॉक्टर किल्ल्याकडे बोट दाखवून मित्राला काहीतरी सांगत होते. मी धक्क्याकडे पाठ करून चहा गाळत होतो.

आठ दिवसांनी मुंबईहून रात्रीची गाडी धरून तळेऱ्याला उतरलो, तिथून देवगडची एसटी, आणि घरी. वहिनी मागल्या दारी आमसुलं वाळत घालत होती. मला बघून तिनं हातातली परडी खाली ठेवली. ती आवाज चढवणारी बाई नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही.

"भावजी, तुमी फोनार येतंय म्हणालास काय बाबा शर्ट बदलतत, आणि ओटयेर येवन बसतत. हल्ली तसाच करतत. मी सांगतंय, अवो, ते फोन ठेवतत म्हणान येतंय म्हणतत. आयकत नाय. म्हणतत, येतंय म्हणालो म्हणजे येतलो. ह्या टायमाक तर धक्क्यारच गेले. तीन दीस."

"तीन?" मी म्हणालो. मी दोनच मोजले होते.

"तिसऱ्या दिसा गेले तर बोट नाय. परत इले. वाडयेतले विचारूक लागले, काय झाला, तुमचो झील इलो नाय तो? तर सांगतत कसा, वारो फिरलो, तांडेलान वेळ सादली. तांडेल थांबाक लागलो तर बोट कोण नेतलो?" आणि ती परडी उचलून पुन्हा कामाला लागली.

बाबा ओटीवर होते. मला बघून म्हणाले, "इलंस? आंघोळ कर आधी." एवढंच. संध्याकाळी शेजारचे दोघं गजालीला, गप्पा मारायला आले तर बाबा त्यांना सांगतात, "आमचो तांडेल इलो." मला जमीन फाटून गिळेल तर बरं असं झालं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि तो वाडीपुढं माझी झाकली मूठ झाकून धरून बसला होता. मी चार दिवस घरी राहिलो, चारही दिवस तोंड उघडायला गेलो आणि मिटलं. शेवटी निघायच्या दिवशी सकाळी ते तोच इस्त्रीचा शर्ट घालून एकटे सुपारी कातरत बसले होते, तेव्हा म्हणालो, "बाबा, मी तांडेल नाय."

"माका म्हायत आसा." अडकित्ता चालूच.

"मी रांदपी आसंय."

"मी पयली चार वर्सां भंडारीच होतंय गलबतार," ते म्हणाले. भंडारी म्हणजे गलबतावरचा स्वयंपाकी. ही गोष्ट त्यांनी मला उभ्या जन्मात सांगितलेली नव्हती. "भाताक खडे इले तर तांडेल लाथ घाली. तुका सांगाक होया होता, नाय सांगलंय. ता माजा चुकला."

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तू रांदतंस म्हणान माका कायेक वाटाक नाय रे. माका लांबचा बरां दिसता, डोळ्याचा आप्रेशन झाल्यापासून. पयल्याच दिसा बघलंय तुका, टोप घासताना. म्हटला, आता येतलो हात पुसून. तू आत गेलंस."

म्हणजे डॉक्टर बोलायच्या आधीच. पहिल्याच सकाळी. त्यानंतरचा तो तास, बारापर्यंतचं ते ऊन, दुसरा दिवस, ते मला तांडेल समजून उभे नव्हते. भांडी घासणाऱ्या मुलासाठीच उभे होते.

मी म्हणालो, दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा निघणार आहेत, मी त्यांना सांगतो, तेव्हा बोट देवगडला आणू, तुम्हाला शिडावर घेऊ, मी स्वतः येऊन घेऊन जातो. भडाभडा बोलत सुटलो. ते "बघूया" म्हणाले, जसा मी फोनवर म्हणालो होतो.

एसटीची वेळ झाली. पिशवी उचलली, वाकून नमस्कार केला, आणि उंबऱ्यातून सवयीनं तोंडातून पडलं, "बरां बाबा, येतंय."

"तसा नको म्हणू," बाबा म्हणाले.

वहिनी दारात उभी होती, ती चपापली.

"जातंय म्हण. येतंय म्हणालंस काय मी वाट बघतंय. माका आता कळना नाय, कोणचा येतंय खरां आणि कोणचा फोन ठेवच्यापुरता. जातंय म्हण."

"बाबा, असा कोण म्हणतत काय?"

"तू म्हण."

वहिनी "नको, भावजी, नको" म्हणत होती. बाबा रागावलेले नव्हते, तेच तर वाईट. ते नुसते थकलेले होते आणि त्यांना एक उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "जातंय."

"हां," त्यांनी मान हलवली, आणि बसल्या जागी शर्टाची गुंडी काढायला लागले. "आता माका ओटयेर बसाक नको."